समजूतदार सहकारी आधी का थकतात?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा आहे. तुमच्या तक्रार निवारण विभागातील एक सहकारी सर्वांत शांत आणि समजूतदार म्हणून ओळखल्या जातात. संतापलेला ग्राहक असला की फोन त्यांच्याकडेच वळवला जातो. भावनिक बुद्धिमत्तेच्या चाचणीत विभागात सर्वाधिक गुण त्यांनाच मिळाले. तरीही गेल्या काही महिन्यांत त्यांच्या नोंदींत चुका होऊ लागल्या आहेत, एकेक दिवसाच्या रजा वाढल्या आहेत आणि एरवी सगळ्यांची विचारपूस करणाऱ्या या बाई आता सहकाऱ्यांशी तुटकपणे बोलतात. मनुष्यबळ विभागाचे म्हणणे आहे की त्यांना आणखी एका प्रशिक्षणाला पाठवावे. चाचणी खोटी ठरली की प्रशिक्षण अपुरे पडले, आणि हे गुण वार्षिक मूल्यमापनात धरावेत का, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते चाचणी खोटी नाही आणि प्रशिक्षणही अपुरे नाही. गफलत दुसरीकडेच आहे. भावना ओळखणे ही एक क्षमता आहे आणि स्वतःची भावना गिळून हसतमुख राहणे हे निराळेच काम आहे. बहुतेक कार्यालयांत या दुसऱ्या गोष्टीलाच भावनिक बुद्धिमत्ता समजतात, ती ज्याला जमते त्याच्यावर तिचा सगळा भार टाकतात, आणि हा भार कामाच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. संस्थांना मानसिक आरोग्याविषयी सल्ला देण्याच्या माझ्या कामात जी माणसे थकून समोर येतात, त्यांत तुसड्या स्वभावाची माणसे कमी असतात. ‘त्यांच्याकडे द्या, त्या सांभाळून घेतील’ असे ज्यांच्याविषयी बोलले जाते, तीच अधिक असतात.

१९९० साली पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ही संकल्पना मांडली तेव्हा तिचा आवाका मर्यादित आणि नेमका होता. १९९७ मध्ये त्यांनी तिचे चार भाग सांगितले: स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना अचूक टिपणे, विचार करताना भावनांचा उपयोग करून घेणे, एका भावनेतून दुसरी कशी उद्भवते हे समजणे आणि भावनांचे नियमन करणे. मधल्या काळात, १९९५ मध्ये, डॅनिअल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ही कल्पना जगभर पोहोचली आणि पोहोचता पोहोचता फुगलीही. चिकाटी, आशावाद, नेतृत्व, आत्मविश्वास असे जे जे चांगले ते सगळे तिच्यात येऊन बसले. त्यामुळे आज एकाच नावाखाली दोन जातींच्या चाचण्या चालतात. एकीत चेहरे किंवा प्रसंग दाखवून प्रश्न विचारतात आणि उत्तर बरोबर की चूक हे ठरवता येते. दुसरीत ‘मी इतरांच्या मनातले सहज ओळखतो’ अशा विधानांवर उमेदवार स्वतःच खूण करतो. ज्याला इतरांच्या मनातले मुळीच कळत नाही, त्याला आपल्याला ते कळत नाही हेही बहुधा कळत नसते, त्यामुळे तो निर्धास्तपणे वरच्या रकान्यात खूण करतो. तुमच्या संस्थेने यांपैकी कोणती चाचणी घेतली, हे आधी विचारून घ्या.

कामगिरीशी या क्षमतेचा संबंध आहे, पण जाहिरातींत असतो तेवढा नाही. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून अर्नेस्ट ओ’बॉइल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात निरनिराळ्या पद्धतींनी मोजलेल्या भावनिक बुद्धिमत्तेचा कामगिरीशी सहसंबंध ०.२४ ते ०.३० इतका आला. माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला ढोबळमानाने ६ ते ९ टक्के भाग या गुणाशी जोडता येतो, असा त्याचा अर्थ. हा भाग क्षुल्लक नाही, परंतु उरलेल्या नव्वद टक्क्यांचे उत्तर अन्यत्र शोधावे लागते. त्याआधी २०१० मध्ये डाना जोसेफ आणि डॅनिअल न्यूमन यांनी दाखवले होते की माणसांशी सतत भावनिक व्यवहार करावा लागतो अशा कामांत हा संबंध ठळक असतो. जिथे तशी गरज नसते तिथे तो विरून जातो, काही मोजमापांत तर उलटाही दिसतो. तुमचा विभाग पहिल्या प्रकारात मोडतो. म्हणजे त्या बाईंचे कौशल्य तिथे खरोखरच उपयोगी आहे, आणि नेमके म्हणूनच ते बेसुमार वापरले जाते.

आता एक फोन जवळून पाहू. ग्राहक ओरडतो आहे. त्याचे पैसे दोनदा कापले गेले आहेत आणि हा त्याचा चौथा फोन आहे. तुमच्या सहकाऱ्यांना पहिल्याच वाक्यात कळते की हा माणूस उद्धट नाही, हतबल झाला आहे. त्याचे म्हणणे बरोबर आहे हेही कळते. परंतु पैसे परत करण्याचा अधिकार त्यांना नाही. ‘सात दिवसांत कळवतो’ एवढेच त्या म्हणू शकतात, आणि मागच्या तिन्ही वेळी हेच सांगितले गेले होते हे त्यांना समोरच्या पडद्यावर दिसते आहे. ज्याला समोरच्याच्या भावना नीट टिपता येत नाहीत तो हे वाक्य बिनदिक्कत बोलून पुढचा फोन घेईल. ज्याला त्या टिपता येतात त्याला आपण पोकळ आश्वासन देत आहोत हे बोलता बोलता जाणवत राहते, आणि ते जाणवत असताना आवाजात मात्र आश्वस्तपणा आणावा लागतो.

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविका आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी यांच्या अभ्यासातून अशा कामाला भावनिक श्रम असे नाव दिले, आणि त्यात दोन प्रकार वेगळे केले. आतली भावना तशीच ठेवून केवळ चेहरा आणि आवाज बदलणे हा वरवरचा अभिनय. समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून आतली भावनाच बदलण्याचा प्रयत्न करणे हा सखोल अभिनय. उटे हुल्शेगर आणि अॅना शेवे यांनी २०११ मध्ये तीन दशकांतील अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा वरवरच्या अभिनयाचे थकव्याशी आणि खालावलेल्या स्वास्थ्याशी नाते स्पष्ट दिसले, तर सखोल अभिनयाचे चांगल्या कामगिरीशी. एवढे वाचून प्रशिक्षक लगेच म्हणतात की मग सर्वांना सखोल अभिनय शिकवू या. पण वर सांगितलेल्या फोनमध्ये सखोल अभिनयाला वावच नाही: ग्राहकाच्या जागी स्वतःला ठेवले तर राग संस्थेचाच येतो, आणि तो दाखवण्याची सोय नाही. नियमच असा असेल की खरे बोलता येत नाही, तर सर्वांत कुशल माणसापुढेही वरवरचा अभिनय एवढाच मार्ग उरतो.

या दडपण्याची किंमत प्रयोगशाळेतही दिसली आहे. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांच्या प्रयोगांत चित्रफीत पाहताना ज्यांना भावना चेहऱ्यावर उमटू न देण्यास सांगितले, त्यांचे चेहरे शांत राहिले, परंतु शरीरातील ताणाच्या काही खुणा उलट वाढल्या. पुढे जेन रिचर्ड्स आणि ग्रॉस यांनी २००० साली दाखवले की भावना दाबून ठेवताना जे ऐकले, ते नंतर कमी आठवते. चेहऱ्यावर पहारा ठेवण्यात लक्षाचा एक भाग खर्ची पडतो आणि तेवढा मजकूर मनात नोंदलाच जात नाही. तुमच्या सहकाऱ्यांच्या नोंदींतील चुकांना निष्काळजीपणा म्हणण्यापूर्वी एक साधी तपासणी करा. प्रत्येक चुकीच्या नोंदीची वेळ घ्या आणि तिच्या लगेच आधी कोणता फोन झाला होता ते पाहा. चुका अवघड फोनच्या पाठोपाठ गोळा झालेल्या दिसल्या, तर तुमच्या निम्म्या प्रश्नाचे उत्तर त्या तक्त्यातच मिळेल.

तुटक बोलण्याचा आणि रजांचा अर्थ काय, याकडे वळतो. कामामुळे येणाऱ्या ज्या अवस्थेला बर्नआउट म्हणतात, तिचे तीन पैलू क्रिस्टिना मॅस्लाक यांच्या १९८१ च्या मोजपट्टीपासून सर्वमान्य आहेत: पराकोटीचा थकवा, कामाविषयी आणि माणसांविषयी आलेला कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोग-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणी सतत राहिलेला आणि नीट न हाताळला गेलेला ताण, यातून उद्भवणारी व्यावसायिक घटना असे म्हटले आहे. म्हणून तो तुटकपणा म्हणजे स्वभाव बदलला असे समजू नका. दिवसभर परक्यांसाठी वापरलेली आस्था संध्याकाळपर्यंत संपते, आणि उरलेला कोरडेपणा जवळच्या माणसांच्या वाट्याला येतो. घरीही बहुधा तेच चालू असणार.

बर्नआउट आणि नैराश्य यांची सीमारेषा पुसट आहे आणि ती ओळखण्याचे काम तुमचे नाही. तरीही एवढे लक्षात ठेवा: दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास असणे, कामाबाहेरच्या आवडीच्या गोष्टींतही रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, स्वतःला दोष देत राहणे, अशा गोष्टी त्यांनी स्वतः सांगितल्या किंवा तुमच्या नजरेस आल्या, तर प्रश्न कामाच्या वाटपापुरता उरलेला नाही आणि डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्याविषयी स्पष्टपणे सुचवले पाहिजे. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखवले, तर विषय बदलू नका. आत्महत्येचे विचार मनात येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. होकार आला तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवून द्या.

आता भावनांकडून कामाच्या रचनेकडे येतो, कारण तुमच्या हातात सर्वांत जास्त तीच आहे. रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेले सूत्र आजही मला सर्वांत उपयोगी वाटते: मागणी जास्त असल्याने माणूस जितका खचतो, त्याहून अधिक तो मागणी जास्त आणि अधिकार कमी अशा जोडीने खचतो. योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये त्यात आणखी एक बाजू जोडली, ती म्हणजे कष्ट आणि मोबदला यांतील तफावत, आणि मोबदल्यात त्यांनी पगाराबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही धरली. तुमच्या सहकाऱ्यांचे काम या दोन्ही कसोट्यांवर लावून पाहा. विभागातले सर्वांत कठीण फोन त्यांच्याकडे आहेत, निर्णयाचा अधिकार मात्र नवख्या कर्मचाऱ्याइतकाच आहे. कठीण फोन लांबतात, म्हणून दिवसाची फोनसंख्या घटते आणि मासिक तक्त्यात त्या मागे दिसतात. कौशल्याची ही अशी परतफेड होत असेल, तर आणखी एका प्रशिक्षणाचे आमंत्रण त्यांना टोमण्यासारखे वाटले तरी नवल नाही.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत, आणि त्यांतली पहिली म्हणजे अधिकार देणे. ठरावीक रकमेपर्यंतचा परतावा जागीच मंजूर करण्याची मुभा दिली, तर वरचा फोन चार मिनिटांत संपतो आणि त्यात अभिनय करावाच लागत नाही. शिवीगाळ सुरू झाल्यावर एकदा सूचना देऊन फोन बंद करण्याचा हक्क लेखी द्या. तोंडी दिलेला हक्क कोणी वापरत नाही, कारण पुढे आपली बाजू कोण घेईल याची खात्री नसते. कठीण फोन पाळीने वाटा आणि सुरुवातीला इतरांकडून ते तितके चांगले हाताळले जाणार नाहीत हे धरून चाला. तसा फोन संपल्यावर काही मिनिटे पुढचा फोन येणार नाही अशी सोय करा. फोनसंख्येच्या तक्त्यात फोनचा प्रकारही धरा. कामाची वेळ संपल्यावर निरोप पाठवणे थांबवा. मन कामापासून खरोखर सुटणे ही सावरण्यातली मोठी गोष्ट आहे, हे साबिने सोनेनटाग यांच्या संशोधनातून वारंवार पुढे आले आहे. यांतल्या काही गोष्टी तुमच्या एकट्याच्या सहीने होणार नाहीत, परंतु वेळांचा तो तक्ता हातात असेल तर वरिष्ठांशी बोलणे सोपे जाईल.

वरिष्ठ पैशांची भाषा बोलत असतील तर आकडेही उपलब्ध आहेत. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात आणि उत्पादकतेचे नुकसान सुमारे एक लाख कोटी अमेरिकी डॉलर इतके होते, असा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा २०२२ मधला अंदाज आहे. त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत कामाची रचना बदलणे आणि व्यवस्थापकांना प्रशिक्षण देणे या दोन्हींची शिफारस आहे. व्यवस्थापकांना, हे मुद्दाम अधोरेखित करतो; सहसा प्रशिक्षणाला पाठवले जाते ते थकलेल्या माणसालाच. विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधील ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवर केलेल्या अभ्यासात, ताण हाताळण्याचे वर्ग, सजगतेची अॅप यांसारख्या वैयक्तिक उपायांत भाग घेतलेले आणि न घेतलेले यांच्या स्वास्थ्यात लक्षणीय फरक आढळला नाही. हे उपाय निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष मी यातून काढत नाही, कारण गरजू माणसाला शिकवलेली पद्धत उपयोगी पडताना पाहिलेली आहे. मात्र रचना तशीच ठेवून केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवणे व्यर्थ आहे.

प्रशिक्षणात जे शिकवतात त्यातले एक तंत्र विशेष तपासून घ्यावे असे आहे. एखाद्या प्रसंगाकडे वेगळ्या अर्थाने पाहून त्याची धार कमी करणे, म्हणजे पुनर्विचाराचे तंत्र, हे भावना दाबण्यापेक्षा पुष्कळ बरे असते. परंतु अॅलिसन ट्रॉय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की ताण आपल्या हाताबाहेरचा असेल तेव्हाच या क्षमतेबरोबर नैराश्य कमी दिसते; ताण बदलता येण्याजोगा असेल तेव्हा हीच क्षमता असलेल्यांत नैराश्य उलट अधिक आढळते. आजाराची बातमी आली, जवळचे माणूस गेले, तर अर्थ बदलून पाहणे हा आधार असतो. परताव्याचा नियम चुकीचा असेल तर त्याचा अर्थ बदलून पाहण्यात काय हशील? तिथे नियमच बदलायचा असतो, आणि राग हा तो बदलायला भाग पाडणारा उपयुक्त संकेत असतो. त्या बाईंची भावनिक बुद्धिमत्ता खऱ्या अर्थाने वापरायची असेल, तर कोणते फोन का चिघळतात हे त्यांच्याकडून समजून घ्या. त्या संदर्भात विभागात त्यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाकडे नसणार.

हे बोलणे कसे काढावे, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. मूल्यमापनाच्या बैठकीत काढू नका आणि चारचौघांतही नको. ‘तुम्ही हल्ली ठीक दिसत नाही’ अशी सुरुवात केली की समोरचा माणूस ‘नाही, ठीक आहे’ म्हणून दार लावून घेतो, आणि जो माणूस दिवसभर ठीक असल्याचा आवाज काढतो त्याला तर ते फारच सोपे जाते. त्यापेक्षा तुम्हाला दिसलेल्या गोष्टींपासून आणि तुमच्याकडच्या जबाबदारीपासून सुरुवात करा: ‘गेल्या तीन महिन्यांतले अवघड फोन मी मोजले. त्यांतले बहुतेक तुमच्याकडे आले आहेत. हे वाटप माझ्या देखरेखीखाली झाले आहे आणि मला ते बदलायचे आहे. त्यांतले कोणते फोन सर्वांत जड जातात, ते मला सांगाल का?’ त्यानंतर गप्प राहा. उत्तर लगेच येणार नाही. आले की त्याच बैठकीत उपाय सुचवण्याची घाई करू नका, मात्र सांगितलेल्यांपैकी एक तरी गोष्ट आठवड्याच्या आत प्रत्यक्ष बदला. तसे झाले नाही तर दुसऱ्यांदा कोणी काही सांगत नाही. त्यांनी आजाराविषयी काही सांगितले तर ते त्यांच्या परवानगीशिवाय मनुष्यबळ विभागाच्याही कानावर घालू नका. अपवाद फक्त जिवाला धोका असल्याचा.

वाटप बदलल्यावर विभागातल्या चुका आणि तक्रारी काही काळ वाढलेल्या दिसतील, त्याने बिचकू नका. एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये रुग्णालयांतील परिचारिकांच्या चमूंचा अभ्यास केला तेव्हा ज्या चमूंत नेतृत्व आणि परस्परसंबंध चांगले, तिथेच औषधांच्या चुकांची नोंद जास्त आढळली. तिथले लोक चुका उघडपणे सांगत होते, इतर ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. तुमच्याकडे कोणते कारण आहे ते आकड्यावरून कळणार नाही. माणसे चूक स्वतःहून सांगतात की ती पकडावी लागते, यावरून कळेल.

राहिला मूल्यमापनाचा मुद्दा. चाचणीचे गुण त्यात धरू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतः खूण करण्याची चाचणी असेल तर बढती डोळ्यांपुढे असताना प्रत्येक जण वरचाच रकाना निवडेल. उत्तर बरोबर की चूक हे ठरवणारी चाचणी असेल तरी ती क्षमता मोजते, ती क्षमता कोणासाठी वापरली जाते हे मोजत नाही. स्टेफान कोते आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधल्या अभ्यासात भावनांचे नियमन जाणणारी आणि वृत्तीने कावेबाज असलेली माणसे सहकाऱ्यांना अधिक त्रास देताना आढळली होती. मूल्यमापनात नोंदवायचेच असेल तर काम नोंदवा: अवघड फोन किती घेतले, त्यांतले किती पुन्हा आले नाहीत, नवख्यांपैकी कोणाला हे काम शिकवले. आणि या रकान्यांना फोनसंख्येइतकेच वजन द्या, येत्या मूल्यमापनापासूनच.